गोठलेल्या पाण्यावरचा भरवसा

अलास्कातील केनाई द्वीपकल्पावर तुस्तुमेना नावाचे एक विस्तीर्ण सरोवर आहे. सुमारे चाळीस किलोमीटर लांब, दहा किलोमीटर रुंद आणि वाऱ्यांसाठी कुप्रसिद्ध. २३ मार्च २०२५ च्या रविवारी एक वैमानिक आपल्या कुटुंबातील दोन लहान मुलांना घेऊन छोट्या पायपर विमानातून फेरफटका मारायला निघाला आणि परतलाच नाही. शोधाचे आवाहन झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आसपासचे हौशी वैमानिक आपापली विमाने घेऊन आकाशात उतरले आणि त्यांच्यापैकी एकाला सरोवराच्या पूर्व भागात बर्फात रुतलेले, जवळपास बुडालेले विमान दिसले. पंख तेवढे वर होते आणि त्या पंखावर तिघे जिवंत होते. बर्फाळ पाण्याच्या वर वीतभर उंचीवर त्यांनी सारी रात्र काढली होती. नॅशनल गार्डच्या हेलिकॉप्टरने त्यांना उचलले, तेव्हा साऱ्या अलास्काने सुटकेचा निःश्वास टाकला.

बातमी जगभर गेली ती चमत्कार म्हणून. पण या चमत्काराच्या मुळाशी असलेला प्रश्न बातमीपेक्षा जुना आहे आणि गेल्या काही वर्षांत तो अधिक अवघड होत चालला आहे. गोठलेल्या सरोवरावर छोटे विमान उतरवणे कितपत सुरक्षित आहे? त्याचे उत्तर देण्याची साधने वैमानिकाच्या हाती किती आहेत?

आपल्याला बर्फ माहीत असतो तो गोळेवाल्याच्या गाडीवरचा किंवा मासळीबाजारातल्या पेट्यांमधला. त्यावर विमान उतरवायचे ही कल्पना मुंबई-पुण्याच्या वाचकाला साहसपटातली वाटेल. अलास्का आणि उत्तर कॅनडात मात्र ती रोजच्या व्यवहारातली आहे. अलास्कातील ऐंशी टक्क्यांहून अधिक वस्त्या रस्त्यांच्या जाळ्याला जोडलेल्याच नाहीत. टपाल, औषधे, शिधा, आजारी माणूस, शिक्षक, निवडणुकीच्या मतपेट्या हे सगळे विमानानेच जाते-येते. प्रत्येक ठिकाणी धावपट्टी बांधणे परवडत नाही. तळी मात्र लाखोंच्या संख्येने आहेत. त्यामुळे उन्हाळ्यात विमानाला तरंगते बसवायचे आणि हिवाळ्यात ते काढून लांब, सपाट पट्ट्या, म्हणजे स्की बसवायच्या, हा तिकडचा शिरस्ता. अँकरेज शहरातील लेक हूड हा जगातला सर्वाधिक गजबजलेला पाणविमानतळ मानला जातो; हिवाळ्यात तोच गोठतो आणि त्याच पृष्ठभागावरून स्कीवाली विमाने उडतात. वर्षातून दोनदा, पाणी गोठू लागते तेव्हा आणि बर्फ फुटू लागतो तेव्हा, असे काही आठवडे येतात की तळ्यावर ना तरंगते चालतात ना स्की. त्या दिवसांत तळ्याकाठच्या माणसांना थांबून राहण्यावाचून गत्यंतर नसते. आणि नेमकी या संधिकाळाच्या कडेला घाई होते.

ही परंपरा शंभर वर्षांची आहे. कार्ल बेन आयेल्सन या वैमानिकाने २१ फेब्रुवारी १९२४ रोजी फेअरबँक्सहून मॅकग्रा येथे विमानाने टपाल नेले. विमानाला स्की होत्या. कुत्र्यांच्या घसरगाड्यांना ज्या मार्गासाठी आठवडे लागत, तो सुमारे साडेचारशे किलोमीटरचा टप्पा त्याने तीन तासांच्या आत गाठला. परतताना मात्र अंधार पडला आणि उतरताना विमानाची मोडतोड झाली. पुढच्या काही फेऱ्यांतही असेच अपघात झाल्यावर अमेरिकेच्या टपाल खात्याने तो प्रयोग बंद केला. आयेल्सन थांबला नाही. १९२८ मध्ये त्याने ह्यूबर्ट विल्किन्सबरोबर अलास्कातील पॉइंट बॅरोहून उत्तर ध्रुवसमुद्र ओलांडून थेट स्पिट्सबर्गन गाठले. १९२९ च्या नोव्हेंबरात सैबेरियाच्या किनाऱ्याशी बर्फात अडकलेल्या जहाजावरची माणसे आणि कातडी आणायला तो निघाला आणि वादळात विमान कोसळून तो व त्याचा सहकारी मेकॅनिक ठार झाला. या एका माणसाच्या पाच-सहा वर्षांत स्की-विमानाचे सगळे गुणदोष येऊन गेले आहेत.

आता बर्फाकडे वळू. मराठीत आपण आकाशातून भुरभुरणाऱ्यालाही बर्फ म्हणतो आणि तळ्यावर जमलेल्या टणक थरालाही बर्फच म्हणतो. या विषयात मात्र दोन्ही वेगळे धरावे लागतात, म्हणून पहिल्याला हिम म्हणू. वैमानिकाचे निम्मे संकट या दोहोंच्या संगतीतून जन्मते.

तळ्यावरचा बर्फ म्हणजे पाण्यावर तरंगणारी एक पातळ फरशी असते. तिच्यावर वजन पडले की ती किंचित वाकते, खालचे पाणी तिला उचलून धरते आणि भार आजूबाजूला पसरतो. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील लॉर्न गोल्ड यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून जे सूत्र रूढ झाले, ते सांगते की बर्फ पेलू शकेल ते वजन त्याच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जाडी दुप्पट तर ताकद चौपट. सेंटिमीटरमधील जाडीचा वर्ग करून त्याला साडेतीनने गुणावे, म्हणजे किलोमध्ये सावध अंदाज मिळतो. दहा सेंटिमीटरला साडेतीनशे किलो, वीसला चौदाशे, तीसला एकतीसशेच्या आसपास. सुपर कब हे दोन आसनांचे विमान पूर्ण भाराने सुमारे आठशे किलोंचे असते. त्याला पंधरा सेंटिमीटर हवेत. बीव्हरचे वजन तेवीसशे किलोंच्या घरात, त्याला सव्वीस. ट्विन ऑटर साडेपाच टनांहून अधिक, त्याला चाळीस. कागदावर हिशेब सोपा आहे.

पण हा हिशेब निर्मळ, काळसर दिसणाऱ्या, शांत थंडीत हळूहळू जमलेल्या बर्फाचा आहे. हिम भिजून, पुन्हा गोठून तयार होणारा पांढरा बर्फ त्याच्या निम्म्याच ताकदीचा धरतात. शिवाय एकाच तळ्यावर जाडी सर्वत्र सारखी नसते. जिथे ओढा येऊन मिळतो, जिथे तळे चिंचोळे होऊन पाणी वाहते राहते, जिथे तळाशी झरा आहे, तिथे थर पातळ राहतो आणि वरून हिमाची चादर सारखीच दिसते. वसंतात तर जाडीही फसवते. उन्हाने बर्फाच्या स्फटिकांमधले सांधे सुटतात आणि साठ सेंटिमीटरचा थर उभ्या मेणबत्त्यांच्या मोळीसारखा होतो. हात लावला तर कांड्या सुट्या होऊन पडतात. तुस्तुमेनाची घटना मार्चच्या अखेरची होती, हे लक्षात ठेवायला हवे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्की रुंद असल्याने वजन पसरते, म्हणून पातळ बर्फही चालतो, असे अनेकांना वाटते. हिमाच्या बाबतीत ते खरे आहे. चाक जिथे रुतेल तिथे स्की वरून सरकते. बर्फाच्या बाबतीत मात्र विमानाच्या भाराने वाकणारे क्षेत्र स्कीच्या लांबी-रुंदीपेक्षा कितीतरी मोठे असते, त्यामुळे एकूण वजन हीच खरी गोष्ट उरते. स्की वैमानिकाला हिमापासून वाचवते, बर्फ फुटण्यापासून फारशी वाचवत नाही.

चालत्या भाराचे शास्त्र आणखी चमत्कारिक आहे. बर्फावरून वाहन जाते तेव्हा त्याच्या खाली पाण्यात एक लाट धावत असते. वाहनाचा वेग त्या लाटेच्या वेगाशी जुळला, तर बर्फाचे वाकणे वाढत जाते. जपानमधील होक्काइदोच्या सारोमा सरोवरावर १९८० च्या दशकात हिमस्कूटर चालवून हे मोजले गेले. उथळ पाण्यात लाटेचा वेग कमी असतो. चार मीटर खोलीवर तो ताशी बावीस-तेवीस किलोमीटर भरतो. म्हणूनच कॅनडाच्या वायव्य प्रांतातील हिऱ्यांच्या खाणींकडे जाणाऱ्या बर्फरस्त्यावर भरलेल्या ट्रकांना ताशी सुमारे २५ किलोमीटरची मर्यादा घातलेली असते. विमान बर्फाला टेकते तेव्हा त्याचा वेग याहून पुष्कळ अधिक असतो आणि थांबेपर्यंत ते या घातक वेगातून जातेच. हलक्या विमानाला ते काही क्षण सहसा निभावून नेतात. पण उतरल्यावर किनाऱ्याकडे, म्हणजे उथळ पाण्याकडे, आरामात सरपटत जाणारा वैमानिक त्याच वेगात रेंगाळतो. धोका टळला असे वाटते तिथे तो पुन्हा उभा राहतो. उभ्या विमानाचीही गोष्ट वेगळी नाही. सतत भाराखाली बर्फ हळूहळू खचत जातो. दोन तासांसाठी पुरेसा थर दोन दिवसांच्या मुक्कामाला पुरेलच असे नाही.

तरीही या भागातले जुने वैमानिक बर्फ फुटण्यापेक्षा अधिक धास्ती घेतात ती वेगळ्याच गोष्टीची. तिकडे तिला ओव्हरफ्लो म्हणतात. तळ्यावर हिम साचत गेले की त्याच्या वजनाने बर्फाची फरशी पाण्यात दबते, भेगांतून पाणी वर येते आणि हिमाखाली पसरते. वरचे हिम पांघरुणाचे काम करते, त्यामुळे हवा उणे तीस अंशांवर असली तरी ते पाणी दिवसेंदिवस गोठत नाही. वरून पाहावे तर स्वच्छ, शुभ्र, अगदी आमंत्रण देणारा पृष्ठभाग. विमान उतरते, स्की हिम फोडून चिखलासारख्या लगद्यात रुततात आणि विमान थांबते. मग पुष्कळदा इंजिनाच्या जोराने ते हलत नाही. तासाभरात थंड हवा लागून लगदा गोठतो आणि स्की तळ्याशी एकजीव होतात. जीव जातो असे नाही, निदान लगेच नाही. पण मैलोनमैल मनुष्यवस्ती नसलेल्या ठिकाणी, दिवसाचा प्रकाश पाच तासांचा असताना, कुऱ्हाडीने स्की कोरून काढण्याची पाळी येते.

यावर अनुभवाने शोधलेले उपाय आहेत आणि ते ऐकण्यासारखे आहेत. वैमानिक आधी थेट उतरत नाही. पूर्ण वजन न टाकता स्की पृष्ठभागावरून ओढत नेतो, पुन्हा वर उठतो, एक घिरटी घालून आपल्याच खुणांकडे पाहतो. खुणा पांढऱ्या राहिल्या तर ठीक; काळवंडल्या तर खाली पाणी आहे. उतरल्यावर तो लगेच थांबत नाही, आपल्याच मार्गावरून एक-दोन फेऱ्या मारून हिम दाबून घेतो, म्हणजे ते गोठून परतीची धावपट्टी तयार होते. विमान उभे करताना स्कीखाली स्प्रूसच्या फांद्या किंवा लाकडे घालतो, म्हणजे त्या चिकटत नाहीत. पूर्वीच्या पिढीत इंजिन बंद केले की तेल डब्यात काढून शेकोटीजवळ नेत आणि सकाळी गरम करून पुन्हा ओतत. या सगळ्या विद्येचे पाठ्यपुस्तक अपुरे आहे. ती एका वैमानिकाकडून दुसऱ्याकडे गेली.

प्रकाशाचा धोका त्याहून सूक्ष्म आहे. ढगाळ दिवशी पांढरे आकाश आणि पांढरे तळे यांच्यात सीमारेषाच उरत नाही. सावली नाही, उठाव नाही, जमीन पाच मीटरवर आहे की पन्नास, हे डोळ्यांना कळत नाही. अनुभवी माणूस अशा वेळी तळ्याच्या मध्यावर उतरतच नाही. झाडांची रांग बाजूला ठेवून किनाऱ्यालगत उतरतो किंवा आधी फांद्या टाकून डोळ्यांना आधार निर्माण करतो. यात गंमत अशी की प्रकाशासाठी किनारा बरा आणि बर्फासाठी किनारा वाईट. एका संकटाचा उपाय दुसऱ्या संकटाच्या दारात नेऊन सोडतो. २७ डिसेंबर २०२३ रोजी कॅनडातील डायाविक हिरेखाणीजवळ दहा जणांना घेऊन जाणारे ट्विन ऑटर विमान खराब दृश्यमानतेत कोसळले. दोन वैमानिक असलेले, व्यावसायिक सेवेतले ते विमान होते. बचाव पथकाच्या जवानांना हवाई छत्र्यांनी उतरून अपघातग्रस्तांसोबत रात्र काढावी लागली. दहाही जण वाचले.

आणि चिकट लगद्याच्या उलट टोकाला आहे तो वाऱ्याने झाडून काढलेला काचेसारखा बर्फ. स्कीला ब्रेक नसतात. हिमावर घर्षण विमान थांबवते. काचेवर काहीच थांबवत नाही आणि बाजूचा वारा विमानाला शेपटीने धरून फिरवतो.

बर्फ फुटलाच, तर वेळ किती असतो? मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिस्ब्रेख्त यांनी स्वतः थंड पाण्यात उतरून या प्रश्नाचा अभ्यास केला. त्यांचा आडाखा असा, की पहिले मिनिट श्वास ताब्यात आणण्याचे, पुढची दहा मिनिटे हातपाय उपयोगी पडण्याची आणि शुद्ध हरपायला सुमारे एक तास. म्हणजे बुडणारा माणूस थंडीने नव्हे, तर पहिल्या मिनिटाच्या घबराटीने किंवा दहा मिनिटांनंतरच्या दुबळ्या हातांनी दगावतो. छोट्या विमानाच्या चिंचोळ्या दारातून, पट्टा सोडवून, जाड कपड्यांत, मुलांना घेऊन बाहेर पडायला ती दहा मिनिटे असतात.

आता मूळ अडचण. बर्फाची जाडी मोजायची तर छिद्र पाडावे लागते आणि छिद्र पाडायचे तर आधी उतरावे लागते. जे जाणून मग उतरायचे, ते उतरल्याशिवाय जाणता येत नाही. ही कोंडी फोडण्यासाठी आजवरची पिढी दोन गोष्टींवर विसंबली होती. एक म्हणजे स्थानिक माहिती. तळ्याकाठी राहणारा मासेमार सांगे तो शब्द प्रमाण. दुसरी म्हणजे कॅलेंडर. अमुक तारखेनंतर अमुक तळे पक्के, हे वडिलांकडून मुलाकडे आलेले असे.

हे कॅलेंडर आता खोटे ठरू लागले आहे. सप्ना शर्मा आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये 'नेचर क्लायमेट चेंज'मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार उत्तर गोलार्धातील सुमारे १४,८०० तळी आजच दर हिवाळ्यात खात्रीने गोठत नाहीत; तापमानवाढ दोन अंशांवर गेली तर ही संख्या ३५,३०० होईल. जपानच्या सुवा सरोवराची गोठण्याची नोंद तेथील शिंतो पुरोहित १४४३ पासून ठेवत आले आहेत आणि गेल्या काही दशकांत त्या वहीत 'गोठले नाही' असे वारंवार लिहावे लागते. शर्मा यांच्याच गटाने २०२० मध्ये दहा देशांतील हजारो बुडीत मृत्यूंची छाननी केली. हिवाळ्याचे तापमान शून्याच्या जवळ येते तेव्हा मृत्यू वाढतात, असा निष्कर्ष निघाला. बर्फ मुळीच नसेल तर कोणी त्यावर जात नाही. तो असतो, दिसतो, पण पुरेसा नसतो, तेव्हा माणसे बुडतात.

याहून कमी चर्चिलेली बाब बर्फाच्या प्रतीची. उबदार हिवाळ्यात हिमाऐवजी पाऊस पडतो, हिम वितळते आणि पुन्हा गोठते, आणि काळ्या बर्फाची जागा पांढरा बर्फ घेतो. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील गेसा वेयहेनमेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२०-२१ च्या हिवाळ्यात अनेक देशांतील तळ्यांवर मोजमापे घेऊन हा बदल दाखवून दिला. याचा अर्थ, ड्रिलच्या छिद्रात तोच जुना आकडा दिसेल, पण त्या आकड्याची किंमत निम्मी असेल. वजनाचे तक्ते छापलेले हातात घेऊन उतरणाऱ्याला हे कोण सांगणार?

सरकारी यंत्रणा काय करतात, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने फेब्रुवारी २०२० मध्ये सांगितले की २००८ ते २०१७ या दशकात अलास्कातील हवाई अपघातांचे प्रमाण उर्वरित देशाच्या २.३५ पट होते. हा आकडा सर्व प्रकारच्या उड्डाणांचा आहे, पण परिस्थिती त्यातून कळते. त्यानंतर विशेष मोहीम आखली गेली. हवामान दाखवणारे दूरस्थ कॅमेरे, जे १९९९ पासून बसवले जात होते, ते वाढले. अशा शेकडो कॅमेऱ्यांवर खिंडीतले धुके दिसते. तळ्यावरच्या बर्फाची जाडी दिसत नाही. ती कोणत्याही विमानतळ पुस्तिकेत नोंदलेली नसते आणि कायद्याच्या दृष्टीने निर्णय वैमानिकाचा. स्वातंत्र्याचे मोल जाणणाऱ्या अलास्कात वैमानिकांनाही ते तसेच हवे आहे. त्यांची बाजू निराधार नाही. लाखो तळ्यांचे नियमन करणे अशक्य आहे आणि कडक बंदी घातली तर आजारी माणूस तळ्यापलीकडेच राहील.

मात्र अपघातानंतर शोध लागण्याचा प्रश्न नियमनात बसतो आणि तिथे ढिलाई समजण्याजोगी नाही. उपग्रहांनी जुन्या १२१.५ मेगाहर्ट्झ संकेतकांचे ऐकणे १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केले. नव्या, ४०६ मेगाहर्ट्झच्या संकेतकांची सक्ती कॅनडाने २०२० मध्ये जाहीर केली, तीही खासगी विमानांना पाच वर्षांची मुदत देऊन. अमेरिकेत छोट्या खासगी विमानांना जुना संकेतक बाळगून उडण्याची मुभा राहिली, म्हणजे ज्याचा आवाज उपग्रह ऐकतच नाही, त्या यंत्राने कायद्याची पूर्तता होते. तुस्तुमेनाच्या तिघांना शोधले ते शेजाऱ्यांच्या डोळ्यांनी. हवामान बिघडले असते तर ते डोळे जमिनीवरच राहिले असते.

याउलट एक लहानसे उदाहरण न्यू हॅम्पशायर राज्यात आहे. विनिपसॉकी सरोवराच्या ऑल्टन उपसागरात दर हिवाळ्यात बर्फावर धावपट्टी आखली जाते. अलास्का वगळता अमेरिकेतील ही एकमेव अधिकृत बर्फ-धावपट्टी. स्थानिक स्वयंसेवक ठिकठिकाणी छिद्रे पाडून मोजतात, किमान बारा इंच, म्हणजे तीस सेंटिमीटर बर्फ मिळाल्याखेरीज ती उघडत नाहीत आणि उबेचा पट्टा आला की बंद करतात. ती उघडली की आसपासच्या राज्यांतून हौशी वैमानिक केवळ बर्फावर चाके टेकवल्याचे समाधान मिळवायला येतात, कॉफी पिऊन परत जातात. अलीकडच्या काही हिवाळ्यांत मात्र ड्रिल घेऊन गेलेले स्वयंसेवक बारा इंच न भरल्याने परतले आणि धावपट्टी त्या वर्षी उघडलीच नाही.